कापसातला हुंकार

हे खरं घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण जिच्यावर हे गुदरलं ती रंजीता माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि तिच्या उजव्या मनगटावरचे पाच बोटांचे वळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

आणखी एक. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असा तुमचा समज असेल, तर तो आधी काढून टाका.

ही भर दुपारची गोष्ट आहे.

15 डिसेंबर 2022. गुरुवार. वेळ तीन-सव्वातीनची. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि अंगणात कोंबड्या चरत होत्या.

नेरडीगोंड्याहून हायवे सोडून आत चार किलोमीटर गेलं की रंजीताचं सासर लागतं. गावाचं नाव मी लिहिणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात.

आधी रंजीताबद्दल सांगते.

तिला लहानपणापासून एकच व्यसन. खुनाच्या गोष्टी. तिच्या वडिलांचं भैंशाला किराणा दुकान. पुड्या बांधायला रद्दी किलोने यायची, आणि त्या रद्दीत जुनी रहस्यकथेची पुस्तकं असायची. रंजीता ती बाजूला काढून ठेवायची. एक मोठा बंगला, त्यात पाच-सहा माणसं, एक मुडदा, आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून खुन्याचं नाव सांगणारा शांत डोक्याचा गृहस्थ. एवढं मिळालं की बाईसाहेबांना तहानभूक नाही. तव्यावरची पोळी जळून कोळसा व्हायची आणि ही चुलीपुढे बसून पान उलटायची. मावशीने तिला यापायी किती बोलणी ऐकवली, त्याला गणती नाही.

तिची वाचायची एक पद्धत होती. हातात पेन्सिल घ्यायची. पुस्तकातला जो माणूस खोटं बोलला असं वाटेल, त्याच्या नावाशेजारी एक टिंब. शेवटी ज्याची टिंबं जास्त, तो खुनी. त्यातही तिचा एक नियम होता... जो सगळ्यात गोड वागतो, त्याला आधी धरायचं.

आणि शेवटचं पान आधी बघायचं नाही. कधीच नाही. मी एकदा बघितलं, तर आठ दिवस माझ्याशी अबोला धरला होता तिने.

लग्न होऊन ती सासरी गेली. नवरा सुरेंद्र, त्याचं हायवेवर मोटरपंपाच्या सामानाचं दुकान. तो सकाळी जायचा तो दिवेलागणीला परत. घरी सासरे उद्धवराव, नाकावर राग असलेले. सासू सोनाबाई, बोलायला चुरचुरीत. आणि त्याच आवारात दोन खोल्यांत राहणारे पंढरीकाका, उद्धवरावांचे धाकटे भाऊ. त्यांची बायको चंदा फार वर्षांपूर्वी तापाने गेली, असं रंजीताला सांगितलं होतं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. याशिवाय रामाजी, घरचा जुना सालगडी.

पंढरीकाका म्हणजे देवमाणूस. सुनेला वाचायचं वेड आहे हे कळल्यापासून भैंशाला गेले की रद्दीच्या दुकानातून एखादं पुस्तक घेऊन यायचे. स्वतःला धड वाचता येत नव्हतं. पण रोज जेवायला आले की विचारायचे, "सापडला काय सूनबाई, तुहा खुनी?"

रंजीता म्हणायची, "अजून नाही काका."

"पाह्य बरं. सुटू देऊ नको त्याले."

सासरच्या घरात कुणी आपल्या वाचण्याचं कौतुक करावं, हे किती बायकांच्या नशिबी असतं? रंजीताचा त्यांच्यावर जीव होता.

त्या डिसेंबरात सोनाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, निर्मलला. डोळ्यांत दिवसातून चारदा थेंब, काळा चष्मा, धूर नको, उजेड नको, वाकायचं नाही. कापसाचे भाव पडले होते म्हणून उद्धवरावांनी माल विकला नव्हता. मागच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. ती खोली अंधारी आणि थंडीच्या दिवसांत ऊबदार. सोनाबाईंची गादी तिथेच टाकली.

कापसाच्या खोलीत आवाज मरतो. बाहेरून ट्रॅक्टर गेला तरी आत कळत नाही. आपणच बोललेलं आपल्याला कमी ऐकू येतं.

दुपारची कामं आटोपली की रंजीता तिथे जाऊन, दारातून येणाऱ्या उजेडात, सासूला पोथी वाचून दाखवायची. आमच्याकडे वाचणाऱ्याला ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. एक वाक्य झालं की "हं". ऐकणारा गप्प झाला की वाचणाऱ्याने थांबायचं. पण हुंकार येत असेल तोवर थांबायचं नाही. आणि एकदा सुरू केलेलं अर्ध्यात सोडायचं नाही.

पोथी संपली. सोनाबाईंना करमेना. तेवढ्यात पंढरीकाकांनी भैंशाहून एक पुस्तक आणलं. पुठ्ठा गेलेला, पानं पिवळी पडलेली. गोष्ट खुनाची.

रंजीताने भीत भीत विचारलं, हे वाचू का? सोनाबाई म्हणाल्या, वाच.

गोष्ट अशी होती. एका जमीनदाराचा बंगला. घरात जमीनदार, त्याची बायको, त्याचा धाकटा भाऊ आणि जुना दिवाणजी. पहिल्याच प्रकरणात धाकट्या भावाची बायको धान्याच्या कोठारात मेलेली सापडते. डोक्यात मागून घाव घातलेला.

पहिलं प्रकरण संपलं तेव्हा सोनाबाई गादीच्या कडेचा कापूस चिमटीने उपटत राहिल्या. रंजीताला वाटलं, आवडलं नसेल. मग त्या हळूच म्हणाल्या, पुढचं वाच.

आणि मग काय विचारता. सासू-सुनेचं असं जमलं की सुरेंद्र चेष्टा करायला लागला. कोण खोटं बोललं, कोणाच्या कपड्यावर डाग होता, कोण कुठे होतं, यावर दोघी भांडायच्या. रंजीता म्हणते, एकटीने वाचण्यापेक्षा ते दहा पट गोड होतं. रोज एकच प्रकरण वाचायचं असं तिने ठरवलं होतं, पुरवून पुरवून खायला. सोनाबाईंचा संशय पहिल्यापासून धाकट्या भावावर. त्या सारख्या म्हणायच्या, त्याच्यावर ध्यान ठेव. रंजीताची टिंबंही त्याच्याच नावाशी जमत होती. तो सगळ्यांशी फार गोड होता.

पाचव्या दुपारी पहिली गोष्ट घडली.

रंजीता वाचत होती. मान पुस्तकात. दिवाणजीची उलटतपासणी चालली होती. वाक्य झालं की मागून हुंकार येत होता. "हं..."

पान उलटलं. "हं..."

आणखी एक पान. "हं..."

तेवढ्यात दारात सावली पडली.

रंजीताने मान वर केली. दारात सोनाबाई उभ्या होत्या. हातात लोटा. परसातून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी गेली तरी तू वाचूनच राह्यली काय वं?"

रंजीताने वळून गादीकडे पाहिलं.

गादी रिकामी होती.

आणि कापसाच्या ढिगातून, अगदी आतून...

"हं..."

दोघींनी ऐकलं. सोनाबाईंच्या हातातला लोटा खाली पडला, आणि कापूस सांडलेल्या त्या मऊ जमिनीवर त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

सोनाबाई चालत आल्या. त्यांनी रंजीताच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं आणि मिटलं.

त्याच क्षणी त्यांचं डोकं मागे फेकलं गेलं.

कुणी तरी पूर्ण ताकदीने मारल्यासारखं. काळा चष्मा उडाला. कपाळ भुवईपासून केसांपर्यंत फाटलं आणि रक्त डोळ्यांत उतरलं. त्या दाराच्या चौकटीवर आदळल्या. उठायला गेल्या, तर पाठीत दुसरा तडाखा बसला. रंजीताने तो आवाज ऐकला. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा.

खोलीत त्या दोघींशिवाय कुणी नव्हतं.

रंजीताला काय सुचलं कोण जाणे. तिने जमिनीवरचं पुस्तक उचललं, उघडलं आणि जिथे उघडलं तिथून मोठ्याने वाचायला लागली.

मार थांबला.

ती वाचत राहिली. अडखळत. सोनाबाई भिंतीला टेकून कण्हत होत्या. आणि प्रत्येक वाक्यानंतर हुंकार येत होता. आता तो ढिगातून येत नव्हता... तिच्या उजव्या कानाशी येत होता.

प्रकरण संपलं तेव्हा तो बंद झाला.

घरात सांगितलं की सासूबाई घेरी येऊन पडल्या. सुरेंद्रने नेऊन सहा टाके घालून आणले. त्या संध्याकाळी डोक्याला पट्टी बांधलेल्या सोनाबाईंनी सुनेला जवळ बोलावलं आणि बावीस वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट सांगितली.

चंदा तापाने गेली नव्हती.

ती याच कापसाच्या खोलीत मेली होती. ती सकाळपासून दिसत नव्हती. माहेरी गेली असेल, असं सगळ्यांना वाटलं. दिवेलागणीला सोनाबाई वातींसाठी कापूस आणायला गेल्या. ढिगात हात घातला, तर हातात केस आले. केस ओढले, तर डोकं आलं. मागची बाजू पार चेचलेली होती. कापूस रक्ताने चिकटून त्याचा गोळा झाला होता. घरातलं कापूस तोलायचं पाच किलोचं लोखंडी वजन त्या दिवसापासून नाहीसं झालं. पोलीस आले, पंचनामा झाला, चार महिने चौकशी झाली. कुणी सापडलं नाही.

"लहानगा सुरेंद्र सोडला त घरात आमी चौघंच होतो," सोनाबाई म्हणाल्या. "तुहे मामाजी, मी, पंढरी अन् रामाजी. तिले मागून मारलं. कोनं मारलं थे तिलेबी दिसलं नसन."

चंदाला गोष्टींचं वेड होतं. सोनाबाई पोथी लावायच्या तेव्हा सगळ्यात आधी हुंकार तिचा असायचा.

रंजीता म्हणाली, एखाद्या जाणत्याला बोलवू. सोनाबाई नाही म्हणाल्या. तिला हवं ते पुस्तकातच आहे, म्हणाल्या. गोष्ट पुरी होऊ दे, खुनी सापडू दे, की ती जाईल.

"अन् नाई वाचलं त?" रंजीताने विचारलं.

"त मी मरतो," सोनाबाई म्हणाल्या.

ते खरंच होतं. सकाळी सोनाबाई उठल्या तेव्हा त्यांचा डावा खांदा निखळलेला होता आणि पाठभर काळेनिळे डाग होते. झोपेतच कुणी तरी मारत होतं. उद्धवराव शेजारच्या खाटेवर घोरत होते, त्यांना काही कळलं नव्हतं. हाडवैद्याने खांदा बसवला. आणखी एक दिवस गेला असता तर त्या बाईचं काय झालं असतं, हे सांगायला नको.

पुस्तकाची चार प्रकरणं उरली होती. रंजीताने ठरवलं, आज एका बैठकीत संपवायचं.

तिने मला एक गोष्ट मान खाली घालून सांगितली. सासूचा जीव पणाला लागला होता. तरी आतून ओढ होती... पुढे काय झालं असेल? कुणी मारलं असेल तिला?

आणि तेव्हाही तिने शेवटचं पान पाहिलं नाही. इतक्या वर्षांची सवय. आत जाण्याआधी एकदा, फक्त एकदा पुस्तक मागून उघडलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. मला अजूनही तिचा राग येतो.

त्याच दिवशी, गुरुवारी दुपारी जेवणं झाली. उद्धवराव शेतावर गेले. पंढरीकाका अंगणात गोठ्यापाशी बसून फवारणीचा पंप दुरुस्त करत होते. रंजीता हातात पुस्तक घेऊन निघालेली पाहून त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "सापडला काय सूनबाई?"

"आज सापडते काका," ती म्हणाली.

दोघी आत गेल्या. वाचण्यापुरती फट ठेवून दार ओढून घेतलं. रंजीता वाचायला लागली.

पहिल्या वाक्याला काही आलं नाही.

दुसऱ्या वाक्याला...

"हं..."

एक प्रकरण झालं. दुसरं झालं. हुंकार आता दर वाक्याला नव्हता, अर्ध्या वाक्याला येत होता. घाईने. सोनाबाई गादीवर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. कापसाचा ढीग हलत नव्हता, पण त्यातल्या सरक्या आतल्या आत कुरकुरत होत्या, कुणी कूस बदलल्यासारख्या.

तिसरं प्रकरण झालं.

शेवटच्या प्रकरणात तो शांत डोक्याचा गृहस्थ सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो. जमीनदार, त्याची बायको, धाकटा भाऊ, दिवाणजी. चौघं समोर बसलेले. तो म्हणतो, खुनी याच खोलीत आहे.

"हं..."

तो म्हणतो, त्याला वाटलं की मेलेल्या माणसाला काही कळत नाही.

"हं... हं..."

तो म्हणतो, त्याचं नाव...

रंजीताने पान उलटलं.

पुढे पान नव्हतं.

शिवणीचा दोरा होता आणि फाटलेल्या पानांच्या कडा होत्या. आठ-दहा पानं कुणी तरी ओढून काढली होती. शेंगदाण्याच्या पुड्या बांधल्या असतील कुणी. आपल्या वडिलांच्या दुकानात तिने हजार वेळा पाहिलं होतं ते.

ती गप्प झाली.

खोलीत काहीच आवाज नव्हता. सरक्या थांबल्या. सोनाबाईंचा श्वासही ऐकू येईना.

मग कानाशी, थंड...

"हं?"

रंजीता फाटलेल्या कडा चाचपत राहिली.

"हं?"

सोनाबाईंचा पाय ओढला गेला. एका हिसक्यात त्या गादीवरून ढिगाकडे सरकल्या. रंजीता पुस्तक टाकून धावली, दोन्ही हातांनी त्यांना धरलं. पण ओढणाऱ्याची ताकद माणसाची नव्हती. सोनाबाई कमरेपर्यंत कापसात गेल्या. ओरडायला तोंड उघडलं, तर तोंडात कापूस कोंबला गेला. मूठभर, मग आणखी मूठभर. गाल फुगले, डोळे बाहेर आले. आणि आत, पांढऱ्याच्या आत, मार सुरू झाला.

धप्प.

धप्प.

कपाळावरचे टाके उसवले. कापूस लाल व्हायला लागला. एक बोटभर, मग हातभर. बरगड्या मोडल्याचा आवाज रंजीताने ऐकला. एक, मग दुसरी.

आणि तिचं उजवं मनगट कुणी तरी पकडलं. बर्फासारखी पाच बोटं. हाडापर्यंत रुतली. तिला खाली वाकवलं आणि तोंडाशी तोंड आणून विचारलं...

"हं?"

नाव सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. हे तिला कळलं.

तिने विचार केला. हो, त्या अवस्थेतही केला. पुस्तकातली माणसं कागदाची आहेत. त्यांच्यातलं एक नाव घेतलं तर कुणाचं काय बिघडणार आहे? आणि टिंबं कुणाच्या नावाशी जास्त होती, ते तिला पाठ होतं.

ती ओरडली, "धाकटा भाऊ. घरातल्या धाकट्या भावानं मारलं."

बोटं सुटली.

मार थांबला.

आणि मग एक हुंकार आला. लांब, पोटातून आलेला. गोष्ट कळल्यावर माणूस देतो तसा.

"हं..."

रंजीताने सोनाबाईंना ओढून बाहेर काढलं. तोंडातला रक्ताळलेला कापूस बोटांनी उकरून काढला. त्यांनी श्वास घेतला. वाचल्या, असं म्हणून रंजीता तिथेच बसली.

कापसाच्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही, हे मी सांगितलं. हा आला.

रामाजीची किंकाळी.

रंजीता धावत अंगणात आली. पंढरीकाका गोठ्यापाशी पालथे पडले होते. डोक्याची मागची बाजू आत गेली होती. रामाजी दहा पावलांवर कडब्याची पेंढी हातात धरून उभा होता. तो सांगत होता की कुणी नव्हतं. पंढरीभाऊ पंप पुसत बसले होते आणि त्यांचं डोकं आपोआप फुटलं. एकदा, दोनदा, तीनदा. मध्ये ते रांगत पुढे गेले, तर तिथेही फुटलं.

बाजूला पाच किलोचं एक लोखंडी वजन पडलं होतं. गंजलेलं. त्यावर ओलं रक्त होतं, आणि त्याखाली जुना, काळा पडलेला कापूस चिकटलेला होता.

काकांमध्ये अजून जीव होता. रंजीताने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ते मान वळवायचा प्रयत्न करत होते. त्यांना मागे बघायचं होतं.

"कोन हाये वं सूनबाई मागं?" त्यांनी विचारलं.

रंजीताने पदराचा बोळा त्यांच्या डोक्यामागे दाबून धरला. ते गेले.

पोलीस आले. रामाजीला चार दिवस बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. वजनावर कुणाच्याच बोटांचे ठसे नव्हते. पुढे काही झालं नाही.

रंजीताने मनाला समजावलं. काकांनीच चंदाला मारलं असेल. तिला खुनी सापडला, तिने सूड घेतला. गोड माणसंच तशी असतात, हा तर तिचाच नियम. रडत होती, पण स्वतःला हेच सांगत होती. दुसरं काय सांगणार?

तेरवीच्या दिवशी रामाजी मांडवाच्या कडेला एकटा बसून रडत होता. रंजीता त्याला पाणी द्यायला गेली. तो बोलायला लागला. भाऊंनी बायकोवर किती माया केली, हे सांगत होता.

"चंदावहिनीले मारलं त्या दिशी आमी दोघं भैंशाले होतो बाई," तो म्हणाला. "मी अन् पंढरीभाऊ. जिनिंगात कापसाच्या गाड्यांची लाईन होती. आदल्या राती गेलो, रातभर तिथंच काढली. दुसरी रातबी तिथंच गेली. सकाळी आलो त इथं पोलीस. भाऊनं तिचं तोंडबी पाह्यलं नाई धड."

रंजीताच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

घरात चौघं होतो, असं सासूबाई म्हणाल्या होत्या.

चौघं नव्हते. पंढरीकाका नव्हते. रामाजी नव्हता. मग घरात दोघंच होते... उद्धवराव आणि सोनाबाई.

आणि सोनाबाईंनी तिला चौघं सांगितले.

त्या दिवशी ती घरात गेली तेव्हा सोनाबाई छातीला पट्टा बांधून खाटेवर पडल्या होत्या. त्यांनी विचारलं, रामाजी काय सांगत होता? रंजीता म्हणाली, काही नाही.

सोनाबाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. डोळे आता चांगले झाले होते त्यांचे.

"बरं केलं तू नाव घेतलं," त्या म्हणाल्या. "सुटली बिचारी."

ती सुटलेली नाही.

फेब्रुवारीत कापूस विकला गेला. खोली रिकामी झाली, शेणाने सारवली. रंजीताने पुस्तकं वाचणं सोडलं, हातातसुद्धा घेत नाही. पण त्या घरात कुणी काही सांगायला लागलं, साधं बाजारात काय भाव होता हे जरी सांगितलं, तरी मागच्या खोलीतून हुंकार येतो. आता दोन येतात. एक बाईचा. आणि एक पुरुषाचा, जरा घोगरा. त्यालाही मागून मारलं होतं. त्यालाही कुणी मारलं हे दिसलं नव्हतं.

उद्धवराव तो ऐकतात की नाही, कळत नाही. ते जेवतात, शेतावर जातात, झोपतात. सोनाबाई बोलणं मध्येच तोडतात आणि पदर तोंडाला लावतात. आणि रंजीता रोज सकाळी दोघांना चहा नेऊन देते. माझ्या हाताने एक निर्दोष माणूस मेला, म्हणते. आता पुन्हा तोंड उघडलं आणि चुकलं तर?

हे तिने मला निर्मलला, आमच्या गच्चीवर सांगितलं. सकाळचे अकरा वाजले होते. मी पापड वाळत घालत होते. ती "दोघंच उरले" म्हणाली आणि माझ्या डोक्यात चटकन एक नाव आलं. इतकं सरळ होतं ते. मी बोलायला तोंड उघडलं.

रंजीताने झडप घालून माझं तोंड दाबलं. वळ उठलेल्या त्याच हाताने. तिची बोटं माझ्या गालात रुतली, ओठ दातावर आपटून फुटला.

मी हात झटकणार, तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून...

"हं?"

आमच्या घरात, नेरडीगोंड्यापासून इतक्या दूर. तिथे कुणी नव्हतं. मी जाऊन पाहिलं.

म्हणून मी हे लिहिते आहे, कुणाला सांगत नाही. लिहितानाही ओठ मिटून लिहिते. तुम्हीही वाचता वाचता एक नाव धरलं असेल. बरोबर असेल, चूकही असेल. त्या दोघांपैकी एकाने काहीही केलेलं नाही, आणि ते माणूस आत्ता, या घडीला, त्या घरात जेवत असेल किंवा झोपलं असेल. तुम्हाला हात जोडून सांगते, ते नाव मोठ्याने घेऊ नका.